आजाराची धास्ती सुटत नाही तेव्हा: काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

रिपोर्ट नॉर्मल येतो. ‘काही नाही, निर्धास्त राहा,’ असं डॉक्टर सांगतात आणि जीव भांड्यात पडतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र डोक्यात नवा किडा वळवळायला लागतो. सॅम्पलची अदलाबदल तर झाली नसेल? डॉक्टरांनी रिपोर्ट घाईघाईत पाहिला असेल का? आजार अगदी सुरुवातीचा असला आणि तपासणीत दिसलाच नसला तर? सकाळी हात पुन्हा मानेकडे, छातीकडे, पोटाकडे जातो आणि दोन-चार दिवसांत दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली जाते.

हे महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं चालू असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तुम्ही नाटक करत नाही. छातीतली धडधड खरी असते, हाताला आलेल्या मुंग्या खऱ्या असतात आणि भीती तर सगळ्यांत खरी. ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस,’ असं म्हणणाऱ्याला ही घालमेल कळलेली नसते. या त्रासावर उपचार आहेत, त्यांची नीट चाचणी झालेली आहे आणि त्यांनी गुण येतो. फक्त त्यांची दिशा आपल्याला वाटते त्याच्या बरोबर उलट असते. तुम्ही शंभर टक्के खात्रीच्या शोधात असता आणि उपचार शिकवतात ते थोड्या शंकेसकट नीट जगायला.

हा त्रास नेमका कोणता

पूर्वी याला सरसकट ‘हायपोकाँड्रियासिस’ म्हणत. त्या शब्दाला हेटाळणीचा वास येऊ लागला होता. २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदान-पुस्तिकेतून तो काढून टाकला आणि त्या जागी दोन निदानं आणली. लक्षणं नाहीत किंवा किरकोळ आहेत, पण गंभीर आजाराची भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ठाण मांडून बसली आहे, तो ‘आजार-चिंता विकार’. लक्षणंच ठळक आणि त्रासदायक आहेत आणि त्यांच्याभोवती विचार, भीती, वेळ असं सगळंच फिरतंय, तो ‘शारीरिक लक्षण विकार’. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२पासून लागू केलेल्या वर्गीकरणात जुनं नाव अजून आहे, पण ते ओसीडीच्या, म्हणजे नको असलेले विचार सारखे येणं आणि ते शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करणं या विकाराच्या, कुटुंबात बसवलेलं आहे. मला ही जागा फार बोलकी वाटते. वारंवार हात धुणारा माणूस आणि दिवसभर नाडी मोजणारा माणूस यांची धडपड एकच असते: मनातली शंका कृतीनं मिटवायची.

या त्रासाची माणसं दोन प्रकारची दिसतात. काही जण दवाखाने पालथे घालतात. काही जण डॉक्टरांचं तोंडही बघत नाहीत, रक्त तपासायला देत नाहीत, आलेला रिपोर्ट उघडत नाहीत, कारण ‘त्यात काही निघालं तर?’ बरेच जण या दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतात. आणि हेही लक्षात ठेवा की खरा आजार असलेल्या माणसालाही ही धास्ती असू शकते. मधुमेह किंवा दमा आहे म्हणून धास्तीचा उपचार करायचा नाही, असं नसतं.

चक्र कसं फिरतं

१९८६ साली पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉर्विक या ब्रिटिश संशोधकांनी या धास्तीची जी मांडणी केली, तिच्यावरच आजचे उपचार मुख्यत्वे उभे आहेत. शरीरात काहीतरी जाणवतं. मन त्याचा सगळ्यांत वाईट अर्थ लावतं. भीती वाटते. भीतीमुळे अ‍ॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास उथळ आणि जलद होतो. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ही नवी लक्षणं म्हणजे मनाला नवा पुरावा. मग आपण तपासतो, विचारतो, शोधतो. थोडा वेळ बरं वाटतं आणि शंका पुन्हा उगवते.

गाठीचं उदाहरण जवळून बघू. जबड्याखाली बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी लागतं. मानेत लिम्फ नोड्स, म्हणजे लसिकाग्रंथी, सगळ्यांनाच असतात आणि सडपातळ माणसाच्या त्या हाताला लागूही शकतात. पण ‘ही वाढली तर नाही ना’ म्हणून दिवसातून पन्नास वेळा ती दाबली जाते. संध्याकाळपर्यंत ती जागा हुळहुळते, कदाचित सुजतेही. आता ‘दुखणारी गाठ’ तयार झाली! दुसऱ्या बाजूची ग्रंथी तशीच आहे का, हे बघायला तिथेही बोटं रुततात. ज्या कृतीनं खात्री मिळणार होती, तिनंच लक्षण निर्माण केलं.

लक्ष देण्यानंही असंच होतं. आत्ता दोन मिनिटं सगळं लक्ष घशावर ठेवा आणि लागोपाठ पाच-सहा वेळा आवंढा गिळा. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटेल आणि शेवटचा आवंढा जड जाईल. घसा बदललेला नाही, लक्ष बदललं. निरोगी माणसाचं हृदय चोवीस तास यंत्रावर नोंदवलं, तर त्यातही अधूनमधून चुकलेले ठोके सापडतात. पापणी किंवा पोटरीचा स्नायू फडफडणं हेही निरोगी माणसांत सर्रास आढळतं. एरवी ज्याकडे लक्षही गेलं नसतं, ते पहाऱ्यावर बसलेल्या मनाला ऐकू येतं.

जादा तपासण्या करून सुटका का होत नाही, याचं एक साधं गणित आहे. नॉर्मल रेंज बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांचे आकडे तिच्या आत पडावेत. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं रेंजच्या बाहेर असणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या पूर्ण निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा रेंजबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. त्या एका आकड्याच्या मागे पुढची तपासणी लागते आणि तिच्या मागे आणखी एक.

पहिली पायरी: एक डॉक्टर, एकदा नीट तपासणी

धास्तीवर काम सुरू करण्याआधी विश्वासातले एकच डॉक्टर ठरवा. त्यांना सगळं सांगा, आजाराच्या भीतीनं आयुष्य व्यापलंय हेसुद्धा. आवश्यक त्या तपासण्या त्यांनाच ठरवू द्या आणि त्या झाल्या की तो विषय बंद करा. त्यानंतर भेटी लक्षणांवर न ठेवता तारखांवर ठेवा, उदाहरणार्थ दर सहा किंवा आठ आठवड्यांनी एक. घाबरलो की भेट, असा नियम ठेवला तर भीती वाढवण्याला बक्षीस मिळतं. भेट ठरलेलीच असली की मधल्या काळातला प्रश्न कागदावर लिहून ठेवता येतो आणि भेटीची तारीख येईपर्यंत त्यातले बरेच प्रश्न आपोआप विरलेले असतात.

काही गोष्टींसाठी मात्र तारखेची वाट बघायची नाही. छातीत दाब किंवा वेदना येऊन ती थांबत नसेल, चेहरा वाकडा होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक भयंकर डोकेदुखी, शुद्ध हरपणं, श्वास घेता न येणं, रक्ताची उलटी: यासाठी ताबडतोब इस्पितळ. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, वाढत जाणारी गाठ, आठवडेच्या आठवडे न जाणारा ताप किंवा खोकला यासाठी लवकरची भेट. ही यादी डॉक्टरांशी बोलून, तुमच्या वयाला आणि आजारांना धरून एकदाच पक्की करून घ्या. यादीत नसलेलं नवं, सौम्य लक्षण दिसलं तर दोन आठवडे थांबायचं. टिकलं किंवा वाढलं तर फोन करायचा.

तुम्ही टाळणाऱ्यांपैकी असाल तर तुमची पहिली पायरी उलटी: राहिलेली तपासणी करून घेणं. सोबत कोणाला तरी न्या, पण जा.

दुसरी पायरी: आठवडाभराची नोंद

काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. काय जाणवलं, मनात कोणता विचार आला, भीती दहापैकी किती, मग काय केलं, लगेच किती बरं वाटलं आणि तासाभरानं भीती किती होती. शेवटचा रकाना सोडू नका. ‘डोकं दुखलं. ब्रेन ट्यूमर असेल. आठ. चाळीस मिनिटं मोबाइलवर शोधलं. पाचवर आली. तासाभरानं परत आठ, आणि आणखी एका आजाराची भर.’ अशा दहा-बारा नोंदी स्वतःच्या अक्षरात समोर आल्या की कोणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी: तपासणं उतरवत आणायचं

माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो, म्हणून घाई न करता इथे रेंगाळा. आधी यादी करा: नाडी मोजणं, रक्तदाब घेणं, ऑक्सिजन बघणं, आरशात जीभ आणि डोळे निरखणं, तीळ मोजणं, गाठ दाबणं, वजन करणं, शौच तपासणं, ताकद गेली नाही ना हे बघायला मूठ आवळणं, स्मरण शाबूत आहे ना म्हणून नावं आठवत बसणं. शेवटच्या दोन गोष्टी बाहेरून तपासणीसारख्या दिसत नाहीत, पण त्याही तपासणीच आहेत.

यातली एक गोष्ट निवडा, सोप्यातली. समजा मनगटावरच्या घड्याळात तुम्ही दिवसातून तीस वेळा नाडी बघता. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या पाच वेळा बघायची. दुसऱ्या आठवड्यात दोनदा. मग घड्याळाची ती सोय बंद करायची, जमत नसेल तर घड्याळ रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायचं. डॉक्टरांनी ज्या नोंदी ठेवायला सांगितल्या आहेत, त्या अर्थातच त्यांच्या सांगण्याप्रमाणे चालू ठेवायच्या.

मधल्या वेळात बघण्याची उबळ येईल. ती आली की वेळ लावा आणि पंधरा मिनिटं पुढे ढकला. त्या पंधरा मिनिटांत उबळ मोडून काढायची नाही, स्वतःला ‘काही होणार नाही’ असं बजावायचंही नाही, कारण तेही खात्री मिळवणंच झालं. ‘आत्ता मला बघावंसं वाटतंय आणि मी बघत नाहीये,’ इतकंच. हातातलं काम चालू ठेवा. भीती वर जाईल, थोडा वेळ तिथेच राहील आणि तुम्ही काही न करता उतरायला लागेल. कधी कधी ती त्या दिवशी उतरत नाही. तरीही तुम्ही न तपासता तो वेळ काढलात, आणि ती सहन करता येते हे शरीराला कळलं.

पहिले काही दिवस त्रास वाढेल. उपाय चुकतोय असा त्याचा अर्थ नाही. बरेच जण नेमके इथेच सोडून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवणं बरं.

चौथी पायरी: विचारणं आणि शोधणं

‘माझा चेहरा पिवळा दिसतोय का?’ ‘तुला काय वाटतं, हे साधंच असेल ना?’ घरच्यांना विचारलेला असा प्रत्येक प्रश्न म्हणजे व्याजानं घेतलेले उसने पैसे: आज गरज भागते, उद्या जास्त फेडावं लागतं. इंटरनेटवरच्या शोधाचं आणखी वाईट. तिथे प्रत्येक लक्षणाच्या यादीत साध्या कारणांशेजारी जीवघेणं कारणही असतं आणि भ्यालेला डोळा तेवढंच वाचतो. आता तर एखाद्या चॅटबॉटला तोच प्रश्न दहा वेगवेगळ्या प्रकारे विचारता येतो आणि तो न कंटाळता दहाही वेळा उत्तर देतो. तेही शोधणंच आहे.

शोध पूर्ण बंद करणं हे थोडं थोडं कमी करण्यापेक्षा सोपं जातं, असं मला वाटतं. एका लक्षणासाठी उघडलेलं पान कुठे थांबेल, ते आपल्या हातात राहत नाही. जमणार नसेल तर दिवसातली ठरलेली वीस मिनिटं ‘चिंतेची वेळ’ म्हणून ठेवा. दिवसभरातल्या शंका टिपून ठेवायच्या आणि त्या वेळी बसून कागदावर मांडायच्या, पण तेव्हाही फोन दूर. ही वेळ झोपण्याच्या तोंडावर नको.

घरच्यांशी एकदा शांतपणे बसून बोला आणि उत्तर आधीच ठरवून घ्या. विचारलं की त्यांनी म्हणायचं, ‘तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. पण या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. चल, थोडं चालून येऊ.’ हे प्रेमानं म्हणायचं असतं, तोडून टाकल्यासारखं नव्हे. आणि ‘अजून किती दिवस हे नाटक?’ हे वाक्य कोणीही, कधीही बोलू नये. त्यानं माणूस भीती लपवायला शिकतो, भीती जात नाही.

पाचवी पायरी: दोन शक्यता समोरासमोर

एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे लिहा: ‘माझा प्रश्न हा की मला गंभीर आजार आहे.’ उजवीकडे: ‘माझा प्रश्न हा की मला गंभीर आजाराची प्रचंड भीती वाटते.’ आता दोन्हींच्या खाली पुरावे मांडा. लक्षण काम करताना कमी होतं आणि रिकाम्या वेळी वाढतं का? आजाराचं नाव वर्षागणिक बदललं का? एखाद्याच्या आजारपणाची बातमी ऐकल्यावर तेच लक्षण आपल्याला आलं का? खरा आजार बातमीची वाट बघत नाही. शेवटी प्रत्येक भागाखाली हे लिहा: हे खरं असेल तर मी आज काय करायला हवं? डावीकडची कामं तुम्ही वर्षभर करून पाहिली आहेत. उजवीकडची सहा आठवडे मनापासून करून बघा.

‘असू शकतं’ आणि ‘असण्याची दाट शक्यता आहे’ यांत मन गल्लत करतं, तेही तपासा. डोकेदुखीची सगळी कारणं लिहून काढा: कमी झोप, ताण, पाणी कमी पिणं, चष्म्याचा नंबर, मानेचे आखडलेले स्नायू, सर्दी, चहा-कॉफी चुकणं. प्रत्येकाला शंभरातला वाटा द्या आणि तुम्हाला भीती वाटणाऱ्या कारणाचा वाटा सगळ्यांत शेवटी लिहा. एका दुखण्यासाठी हे एकदाच करायचं. रोज करू लागलात तर हेच नवं तपासणं होऊन बसेल.

सहावी पायरी: टाळलेल्याकडे परत

धास्ती आयुष्य आकसवते. व्यायाम बंद, कारण छाती धडधडते. आजारी नातेवाइकाला भेटणं बंद. शोकसभा, दवाखान्यासमोरचा रस्ता, काही आजारांची नावंसुद्धा वर्ज्य. यांची सोप्याकडून अवघडाकडे जाणारी यादी करा आणि एकेक घ्या. आजाराचं नाव कागदावर लिहिणं, ते मोठ्यानं वाचणं, त्यावरचा कार्यक्रम न थांबवता बघणं, इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात अर्धा तास बसणं. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं असेल तर जिने भराभर चढून धडधड मुद्दाम आणणं आणि नाडी न मोजता ती आपोआप बसू देणं.

सगळ्यांत अवघड पायरी म्हणजे ज्या आजाराची भीती वाटते तो झालाच आहे, अशी गोष्ट लिहिणं: निदान, उपचार, घरचे, शेवट. ती रोज वाचायची, ती बोथट होईपर्यंत. हे एकट्यानं करू नका, उपचारतज्ज्ञाच्या सोबतीनं करा. त्या गोष्टीत बहुतेकांना आपली खरी भीती सापडते आणि ती नेहमीच मरणाची नसते. मुलं लहान आहेत, परावलंबी व्हावं लागेल, वेदना सोसवणार नाही, असं काहीतरी निघतं. आई किंवा वडील लवकर गेलेले असतील तर ते दुःखही तिथे भेटतं. त्यावर स्वतंत्रपणे बोलण्याची गरज असते.

तज्ज्ञांची मदत आणि औषधं

त्रास तीव्र असेल, म्हणजे काम, झोप, नाती कोलमडत असतील, तर वरच्या पायऱ्या एकट्यानं चढत बसू नका. सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती, जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे जा. ब्रिटनमध्ये हृदय, फुफ्फुसं, मेंदू, पोट अशा विभागांत येणाऱ्या, धास्तीनं ग्रासलेल्या ४४४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. साधारण पाच ते दहा सत्रं, तीही प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांनी घेतलेली. फायदा दोन वर्षांनंतरही टिकलेला दिसला. स्वीडनमध्ये हेच उपचार इंटरनेटवरून, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली देऊनही उपयोग झाला आहे. पहिल्या भेटीत विचारा: तपासणं आणि दिलासा मागणं कमी करण्यावर तुम्ही काम करता का? नुसतं ‘सकारात्मक राहा’ सांगणारा समुपदेशक इथे पुरत नाही.

औषधांमध्ये फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशा एसएसआरआय गटातल्या, म्हणजे नैराश्य आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या, गोळ्यांचा या त्रासासाठी अभ्यास झालेला आहे. त्या मनोविकारतज्ज्ञांच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायच्या. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी अधिकही लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा बेचैनी वाढू शकते आणि नेमक्या त्याच वेळी धास्तावलेला माणूस पाकिटातला माहितीचा कागद उघडून दुष्परिणाम वाचतो आणि गोळी बंद करतो. ‘मला दुष्परिणामांची फार भीती वाटते, कमी डोसपासून सुरू करू या,’ असं आधीच सांगा. बरं वाटलं म्हणून एकदम थांबवू नका. झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते, त्या डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा एक दिवसही जास्त नकोत.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात हा विकार असलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आढळलं. मरणाला इतकं घाबरणारा माणूस असं करणार नाही, हा समज खोटा आहे. ‘यापेक्षा संपलेलं बरं’ असा विचार येत असेल तर आजच घरातल्या कोणाला तरी सांगा, डॉक्टरांना गाठा किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला फोन करा. घरच्यांनी असं काही ऐकलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका.

पुन्हा उसळी आली तर

येईल. जवळच्या कोणाचं निदान, साथ, बाळंतपण, झोपेची ओढाताण, स्वतःचं खरं आजारपण यानंतर धास्ती डोकं वर काढते. बरं वाटत असतानाच एक पान लिहून ठेवा: माझ्या सवयी कोणत्या होत्या, त्यातली कोणती सगळ्यांत आधी परत येते (बहुतेकांत फोनवरचा शोध), कशानं फरक पडला, डॉक्टरांशी ठरलेली यादी कोणती. उसळी आली की नवं पुस्तक, नवे डॉक्टर, नवा उपाय शोधायचा नाही. ते पान काढायचं, पहिली परत आलेली सवय ओळखायची आणि त्याच दिवशी तिच्यावर पंधरा मिनिटांचा नियम पुन्हा लावायचा. दोन-तीन आठवड्यांत पकड येत नसेल, तर उपचारतज्ज्ञाकडे दोन-तीन उजळणीची सत्रं घ्यायची.